बल्ब नसलेल्या घराचं बिल

मीटर वाचायच्या कामावर मी एका कंत्राटदाराकडे पाच-सहा वर्षं होतो. कन्नड मुलखातल्या जनवाड्याच्या बाजूची काही गावं माझ्याकडे होती. सायकल, खांद्याला बिल छापायचं यंत्र, आणि बाराही महिने लोकांची एकच तक्रार, बिल जास्त आलं. मी ती हसण्यावारी न्यायचो. सरकारी नोकर नसूनही सरकारी नोकराचा रुबाब मला पहिल्याच महिन्यात आला होता.

त्यातल्या एका गावात ओढ्यापलीकडे चार-पाच घरं होती. पूर्वी मेंढरं राखणारी, आता मजुरीला जाणारी माणसं. शेवटच्या घरातला नवरा हैदराबादला बांधकामावर होता आणि बाई एकटीच राहायची. मीटर आत, चुलीच्या वरच्या भिंतीला. घरात पुरुष नसेल तर परक्या माणसाने आत जायचं नाही, ही तिकडची रीत. तिला अक्षरओळख नव्हती. पण तिने तोड काढली होती. मी यायच्या दिवशी ती मीटरवरच्या आकड्यांचे आकार बघून बघून कोळशाने बाहेरच्या भिंतीवर काढून ठेवायची. चार उलटा, सात आडवा, पण वाचता यायचे.

पहिलं वर्षभर मी ते वाचले. मग ओढा ओलांडायचा कंटाळा यायला लागला. अलीकडच्या काठावर पिठाची गिरणी होती. तिथे चहा पीत मी अंदाजे आकडा घालायचो आणि बिल तिथेच ठेवून द्यायचो. ती दळायला आली की घेऊन जायची. अंदाज मी टीव्ही-पंखे असलेल्या घरांवरून करत होतो. तिच्याकडे एकच बल्ब आहे हे मला माहीत होतं. विचार केला नाही, एवढंच. आणि एकदा आकडा पुढे गेला की मागे आणायची सोय नव्हती. खरा घातला असता तर माझी लबाडी उघडी पडली असती. म्हणून दर महिन्याला तो पुढेच ढकलत राहिलो.

जत्रेला नवरा गावी आला आणि त्याने सगळी बिलं पाहिली. बायको शेजाऱ्याला वायर टाकून लाईट देते, असं त्याच्या डोक्यात बसलं. कुणी कुणाला फुकट लाईट का देईल, याचं उत्तरही त्याने स्वतःच ठरवून टाकलं. तिला घेऊनच तो गिरणीत आला.

"मीटरात काय घोटाळा हाय का?" त्याने मला विचारलं.

"मीटर कशाला झूट बोलंल? वापरलं असंल मनून आलंय."

ती माझ्याकडे बघत होती. "अण्णा, मी भितीवर आकडे काढून ठेवते की. तेच हायत का बिलावर?"

"तेच हायत," मी म्हणालो.

हे बोलताना माझा आवाज जराही कापला नाही. आज मला त्याचीच जास्त लाज वाटते. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने बल्ब काढला, टॉवेलात गुंडाळला आणि हैदराबादला घेऊन गेला. मला हे कळलं ते पुढच्या महिन्यात, सवयीने आकडा घालून झाल्यावर. ती बिल हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"अण्णा, बल्बच न्हाई घरात. मग बिल कामून यायलंय?"

"मीटर आतल्या आत थोडं फिरतंच की, अक्का," असं काहीतरी मी बडबडलो.

तिला ते पटलं. "मग त्याच्यावर पोतं झाकून ठिवू का?" तिने विचारलं. मी ठेवा म्हणालो. इतका नालायकपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

काही महिन्यांनी नवी मीटरं बसायला आली. चकती गेली, लाल दिवा आला, आणि मागच्या महिन्यांचा वापर आतच जपून ठेवायची सोय आली. ही मीटरं पळतात म्हणून गावोगाव आरडाओरडा झाला. आता तर मीटर स्वतःच आकडा कचेरीला पाठवणार म्हणतात. मी त्या कामातला म्हणून लोक मला विचारायला येतात, यात फसवणूक तर नाही ना? मी म्हणतो, बसवून घ्या, मधला माणूस जातो हाच मोठा फायदा. मला हे कसं ठाऊक, ते सांगत नाही.

तिच्या घरी नवं मीटर लावायला वीज कंपनीचे साहेब आले, तेव्हा मला बरोबर जावंच लागलं. जुनं काढताना शेवटचा आकडा लिहून घेतात. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला सोबत घेऊन साहेबांनी आत जाऊन पोतं उचललं, आकडा वाचला, माझ्या यंत्रातला पाहिला. माझा कितीतरी पुढे होता. मग ते बाहेर येऊन भिंतीपाशी थांबले. कोळशाचे आकडे एकाखाली एक होते, आणि शेवटचा मीटरशी तंतोतंत जुळत होता. साहेबांनी मला तिथेच कन्नडमधून झापलं. तिला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

जादा घेतलेलं पुढच्या बिलांतून वळतं करू, असं त्यांनी तिला सांगितलं. नव्या मीटरचं बटण दाबून या महिन्याचा वापर कुठे दिसतो तेही दाखवलं आणि ते पुढच्या घरी गेले. मी सायकलकडे वळलो.

"त्यास्नी हैदराबादला फोन लावा," ती म्हणाली. "तुमच्या तोंडानं सांगा."

तिने दिलेला नंबर मी मोबाईलवर लावला. खरं काय ते सांगायचं हे मला पक्कं ठाऊक होतं, तिलाही. नवऱ्याचा आवाज आला आणि मी म्हणालो, "जुनं मीटर बिघडलं होतं. आता नवं बसवलंय. तुमच्या घरी वापर कमीच होता."

"असं व्हय. मशीनच हाय ते, बिघडायचंच," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तिने सगळं ऐकलं होतं.

"मशीनचं लगेच पटलं त्यास्नी," ती म्हणाली. "माझं पटलं नव्हतं."

तो नंबर पुढे कितीतरी दिवस माझ्या मोबाईलमध्ये होता. मी परत लावला नाही.