गळलेल्या दोन ओळी

७ ऑक्टोबर १९८३ रोजी मुद्रितशोधकांच्या पगारातून एकशे शहाऐंशी रुपये चाळीस पैसे कापले गेले. एका कादंबरीचा सोळा पानांचा फर्मा पुन्हा छापावा लागला होता, त्याचा कागद आणि मजुरी. एकवीस वर्षांच्या नोकरीतली ही पहिलीच कपात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी मशीनपासून बांधणीखात्यापर्यंत पोचली. ज्या माणसाच्या नजरेतून तुटका अनुस्वार सुटत नाही, त्याच्या हातून आख्ख्या दोन ओळी गळाव्यात, यावर कुणाचा विश्वास बसेना.

वाकून वाकून त्यांच्या पाठीला बाक आला होता. शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावणारी मंडळी तोंडावर त्यांना 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'स्वल्पविराम'. त्यांना ते ठाऊक होतं. लग्न केलेलं नव्हतं. घरी थोरली बहीण, ताई, आणि ते, अशी दोनच माणसं.

मोठी पुस्तकं छापखान्यात जोडीनं तपासली जात. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. वाचायचं काम बाईंकडे होतं. प्लायवूडच्या आडोशामागे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक खिडकी. आठ वर्षं बाई तिथं बसून विरामचिन्हांसकट वाचत आल्या होत्या. "तू उद्या येशील ना प्रश्नचिन्ह अवतरण बंद नवा परिच्छेद तिने मान खाली घातली पूर्णविराम." आवाज सपाट ठेवायचा, हा नियम. वाचणारा रंगला की ऐकणारा चुकतो.

छापखान्यात दोन प्रकारचा माल येई. एक, कादंबऱ्या, ज्यांच्या पाठीवर लेखकाचा फोटो असे. दुसरी पिवळ्या वेष्टनातली पुस्तकं, ज्यांना लेखकच नसे. पिवळं पुस्तक वाचायला घेतलं की जुळवणाऱ्यांना आडोशाजवळ हटकून काहीतरी काम निघे. त्यातल्या एकानं एकदा बाहेरून आवाज दिला, "बाई, आज जरा मोठ्यानं वाचा, मशीनपुढे ऐकू येत नाही." बाईंनी कागद खाली न करता त्याला आत बोलावलं आणि तुम्हीच वाचा, विरामचिन्हांसकट, असं सांगितलं. तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

असलं काही बाईंना वाचावं लागतं, याचं मुद्रितशोधकांना फार वाटे. एकदा त्यांनी तसं बोलून दाखवलं.

"यात लाजायचं काय?" बाई म्हणाल्या. "यात माणूस कुठंय? हात एक, पाय दोन. सामानाची यादी वाचावी तसं वाचते." मग टेबलावरच्या कादंबरीवर बोट आपटून म्हणाल्या, "अवघड हे. यातली माणसं बोलायला लागली की आवाज सपाट ठेवताना जीव जातो."

बाईंचा नवरा नऊ वर्षांपूर्वी बांधकामाच्या शिडीवरून पडला होता. कमरेखाली हालचाल नव्हती. रोज सकाळी त्याला पुसून, कूस बदलून, औषध देऊन बाई कामाला येत. रडगाणं कधी गायल्या नाहीत. फार तर म्हणत, "रात्री झोप नाही झाली, आज हळू चालू या." त्या दिवशी मुद्रितशोधक पेन्सिलला उगाच पुन्हा पुन्हा टोक काढत बसत. खिडकीजवळची खुर्ची त्यांनी पहिल्या महिन्यातच बाईंना दिली होती, उजेडाचं निमित्त सांगून. मनातल्या मनात ते या सगळ्याला एक शब्द वापरत. तो फोटोवाल्या पुस्तकांतला होता, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

सप्टेंबरातल्या एका दुपारी पंखा बंद पडला होता. कादंबरीचं बारावं प्रकरण चाललं होतं. उजेडासाठी बाई खिडकीकडे वळल्या. अंबाडा सैल झाला होता आणि मानेवर घामानं एक बट चिकटली होती. मुद्रितशोधक त्या बटेकडे बघत राहिले. बाईंचा आवाज कानावर पडत होता, पण नजर कागदावर नव्हती. भानावर आले तेव्हा प्रकरण पुढे सरकलं होतं आणि त्यांनी थांबवलं नाही.

नेमक्या त्याच दोन ओळी जुळवणाऱ्याच्या हातून राहिल्या होत्या. पुस्तक छापून गेल्यावर लेखकमहाशय तणतणत मालकांकडे आले. कोणाची चूक, असं मालकांनी विचारलं. मुद्रितशोधक म्हणाले, "माझी. बाईंनी बरोबर वाचलं होतं."

पैसे गेल्याचं त्यांना काही नव्हतं. पण एका बटेपायी आठ वर्षांच्या सगळ्या गोष्टीला पिवळं वेष्टन चढलं, असं त्यांनी मनाशी धरलं. ताट अर्धं टाकून उठू लागले. ताईनं पोट बिघडलंय का विचारलं, त्यावर हो म्हणून मोकळे झाले. बाई समोर बसल्या की मान वर करायची चोरी. सोमवारी ते मालकांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, यापुढे मी एकटाच तपासत जाईन, बाईंना बांधणीत नाहीतर कचेरीत कुठंतरी घ्या. कारण सांगितलं नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांना हलकं वाटत होतं. कादंबरीतला त्याग करणारा माणूस जसा चालतो, तसे ते चालत होते.

मालक धंद्याचे माणूस. त्यांनी अर्धंच ऐकलं. एकट्यानं होतंय तर दुसरा पगार कशाला? महिनाअखेरीस बाईंच्या हातात चिठ्ठी पडली.

बाई चष्मा आणि डबा न्यायला आत आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"माझ्या वाचण्याचा त्रास व्हायचा का तुम्हाला?"

"हल्ली आवाजानं डोकं दुखायचं," मुद्रितशोधक म्हणाले.

"आधी सांगायचं. हळू वाचलं असतं."

एवढं बोलून त्या गेल्या.

मग मुद्रितशोधकांनी मालकांकडे रदबदली करून पाहिली. मालक हसून म्हणाले, तुम्हीच तर एकट्यानं जमवतो म्हणालात, आणि जमतंय की. खरंच जमत होतं. एकही चूक जात नव्हती. बाई औषधांची खोकी घडी घालून द्यायचं काम घरी आणतात, शेकड्यावर पैसे मिळतात, हे बांधणीवाल्याकडून कळलं. दोनदा ते बाईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि काय बोलायचं ते न सुचून परतले. तिसऱ्या वर्षी बाईंचा नवरा गेला. ते त्यांना कळायला दीड महिना लागला. तोवर बाईंनी ती खोली सोडली होती.

बाई छापखान्यातून गेल्यावर सहा वर्षांनी, एका शनिवारी, बसमध्ये चढल्यावर त्यांना बाई दिसल्या. केस पांढरे झालेले, शेजारच्या जागेवर चपट्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा. बाईंनी गठ्ठा मांडीवर घेऊन जागा करून दिली. कंडक्टर आला. मुद्रितशोधकांकडे शंभराची नोट, आणि सुटे कुणाकडेच नाहीत. बाईंनी त्यांचंही तिकीट काढलं.

दोघांची तोंडं समोर होती, एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं. त्यामुळेच असेल, मुद्रितशोधकांना बोलता आलं.

"माझं डोकं दुखत नव्हतं, बाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ती दुपार, मानेवरची बट, मालकांची खोली. सांगायला चार स्टॉप लागले.

"तुम्ही बघत होतात ते मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "खिडकीच्या काचेत दिसत होतं."

मुद्रितशोधकांना वाटलं, इथंच उतरून जावं.

"वाईट नव्हतं वाटलं मला. किती वर्षांत कुणी बघितलं नव्हतं माझ्याकडे."

"मला ते पाप वाटलं. तुम्हाला त्यातून लांब ठेवावं म्हणून—"

"मला लांब ठेवायचं ते मलाच न विचारता? मालकाला विचारलंत. मालकाचा काय संबंध होता यात?" बाईंचा आवाज वाचताना असायचा तसाच सपाट होता. "त्या पिवळ्या पुस्तकांत बाईला कुणी काही विचारत नाही. तुम्ही तसे नाही, असं वाटायचं मला."

मुद्रितशोधक हातातल्या शंभराच्या नोटेची घडी घालत राहिले. मग बाई थोड्या हसल्या.

"सांगितलं असतंत तर खुर्ची फिरवून बसले असते. एवढंच तर होतं. किंवा नसतीही फिरवली."

बाईंचा स्टॉप आला. मुद्रितशोधक गठ्ठा उचलू लागायला उठले. राहू द्या, सवय आहे, असं म्हणून बाई उतरल्या. कुठं राहता, हे विचारेपर्यंत बस हलली होती.

पुढचे पाच शनिवार मुद्रितशोधकांनी त्याच वेळची तीच बस धरली. बाई पुन्हा दिसल्या नाहीत. तिकिटाचा दीड रुपया त्यांना द्यायचा राहिला आहे.