उशीवरचे बोंबील

ताईच्या लग्नात रुखवताच्या अभ्र्यांवर भरतकाम करायचं माझ्याकडे आलं. तेव्हा सगळ्या मुली राघू-मैनाच भरायच्या. मला त्यांचा कंटाळा आला होता. पाचूबंदरला आमच्या दारासमोर बोंबील वाळत असत. मी राखाडी रेशमानं तेच भरले, काठाला ओळीनं टांगलेले.

आई म्हणाली, "उशीवर बोंबील? लोक हसतील गो."

ताईला मात्र ते फार आवडले. लग्नानंतर मी पाठराखीण म्हणून तिच्यासोबत अर्नाळ्याला गेले. तिथं तिच्या सासूनं बायकांसमोर रुखवताची पेटी उघडली, तेव्हा खरंच हशा पिकला. सासूनं अभ्रा उजेडात धरून निरखला. मग मला म्हणाली, "माझ्या लेकीलापन असाच दे, पन पापलेट काढ."

त्या वर्षी शाळेच्या सुट्टीत शेजारणींसाठीही मी कोलंब्या नि खेकडे भरत बसले.