काका आणि भुलीचा गॅस

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत माझ्या काकांइतका जेरीस आणणारा दुसरा भूलतज्ज्ञ झाला नाही, आणि होऊ नये अशीच तिथल्या तमाम सर्जन मंडळींची इच्छा होती. भूल देणं हा त्यांचा पेशा. पण भूल दिल्यावर गॅस जातो कुठं, याचा त्यांना घोर. नव्वदच्या सुमारास त्यांनी कुठंतरी वाचलं, की हा गॅस खिडकीतून वर जाऊन ओझोनचं पांघरूण विरवतो. झालं! पेशंटनं सोडलेला श्वास कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या चुन्याच्या डब्यातून फिरवून पुन्हा त्यालाच द्यायचा, म्हणजे ताजा गॅस कमी लागतो, हे व्रत त्यांनी घेतलं. तो अवजड डबा स्कूटरवर पायांशी ठेवून ते केसेसना हिंडत. उल्हासनगरचे एक सिंधी सर्जन वैतागले, “अरे साईं, सिलिंडर मेरा, पेशंट मेरा, आप काहे को रोते हो?” काका म्हणाले, “सिलिंडर आपका, आसमान किसका?” पुढच्या ऑपरेशनला तिथं दुसरा भूलतज्ज्ञ आला. एकदा औषध कंपनीचा एक एमआर वापरून फेकायच्या प्लॅस्टिक गाऊनचा नमुना घेऊन आला. काकांनी त्याला टायसकट स्कूटरवर बसवून अंबरनाथच्या नाल्यावर नेलं, तिथं साचलेला दवाखान्यांचा कचरा दाखवला आणि त्याला तिथंच सोडून ते केसला निघून गेले.

मी तेव्हा कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध पत्रकं काढायचो. ती वाचून काका विचारायचे, “कारखान्यांना शिव्या घालणं सोपंय रे. आम्हा डॉक्टरांवर कधी लिहिणार?” इथं विहिरींना रंगीत पाणी येतंय आणि यांचं गॅसचं रडगाणं! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यातच आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं. काकांचा हट्ट, गॅस नकोच. कमरेत सुई देऊ, तेवढा भाग बधिर होईल. जागेपणी पोट फाडून घ्यायच्या कल्पनेनंच आई रडकुंडीला आली. “भावोजी, मला काही म्हणजे काही कळायला नको,” म्हणत ती तारीख पुढं ढकलत राहिली. इकडं रक्त जाऊन जाऊन ती पांढरीफटक पडली. मी ओरडलो, “काका, आभाळ वाचवायला माझीच आई सापडली?”

“प्रत्येकाची आई वगळली तर उरतं कोण?” ते म्हणाले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

शेवटी दिराच्या शब्दाखातर आई तयार झाली. थिएटरच्या दाराच्या काचेतून मी बघत होतो. टेबलावर ती अशी थरथरू लागली, की सिस्टरला धरावं लागलं. काकांनी सुई बाजूला ठेवली. मास्क उचलला. “वहिनी, झोपा. उठवायला मी आहेच.”

हरले एकदाचे, म्हणून मी खूश झालो. पण काका खुर्चीवर टेकेनात. नजर आईच्या चेहऱ्यावर आणि बोटं गॅसच्या चावीवर. केसभर कमी करायचे, पुन्हा चेहरा बघायचे, पुन्हा केसभर. ऑपरेशन संपेपर्यंत हेच.

हल्ली त्यांना फारसं कुणी बोलावत नाही. आमच्याकडे चहाला आले, की आई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगते, “माझ्यासाठी भावोजींनी गॅसचा हिशेब बघितला नाही हो, पोटभर दिला!” आणि काका, एरवी कुणाचं काही खपवून न घेणारे काका, बशीत चहा ओतत नुसती मान हलवतात.