तेल बाहेर, मुलं आत

तीस वर्षं मी ट्रान्सफॉर्मर दुरुस्त केले, तेही तेलातले. माझे कपडे बायको आजही वेगळ्या बादलीत भिजवते. कोरड्या, म्हणजे बिनतेलाच्या ट्रान्सफॉर्मरला मी कायम नावं ठेवत आलो. गुणगुणतो फार, धूळ बसली की रुसतो, आणि किंमत ऐकून आपणच तापतो. तेलवाला बिचारा उन्हापावसात उभा राहतो, थोडा जादा भार पडला तरी कुरकुरत नाही. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला मी हे मठ्ठा संपेपर्यंत समजावलं होतं. उठताना तो म्हणाला, "मी कोरडेच विकतो."

तर आमच्या येरवड्यातल्या सोसायटीत नवा ट्रान्सफॉर्मर बसवायचं ठरलं, तेव्हा चेअरमननी मला घरी बोलावलं. चहा, वर खारी.

"अहो, तुमच्यासारखा जाणकार घरात असताना बाहेरचा कशाला? तेलाचाच घेऊ. पंपाची जुनी खोली रिकामी आहे, तिथे बसेल. तुम्ही फक्त 'हरकत नाही' एवढं पत्र द्या."

'जाणकार' ऐकलं आणि मी दुसरी खारी बुडवली. हो म्हणून आलो.

घरी फुशारकीने सांगितलं. बायको भजी तळत होती.

"पंपाची खोली म्हणजे अभ्यासिकेच्या भिंतीला लागून आहे तीच ना?"

"हो."

"तेल किती असतं त्यात?"

"असेल दोन-अडीच पिंपं."

तिने झारा वर धरला. "अहो, मी एवढंसं तेल तापत ठेवून दार उघडायलासुद्धा जात नाही. तुमच्या पिंपांपाशी कोण उभं राहणार? आपली धाकटी त्याच भिंतीला टेकून बसते."

धाकटीच कशाला, घरात वही पसरायला जागा नसलेली वीसेक मुलं तिथे बसतात, आणि अभ्यासिकेला दार एकच. आत बिघाड झाला तर ते तेल कसं पेटतं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. खारीपुढे विसरलो, एवढंच.

सभेत उभा राहिलो. "पत्र देणार नाही. तेलाचा हवा तर उघड्यावर ठेवा. खोलीतच हवा तर कोरडा घ्या."

"परवा तर हो म्हणालात!" चेअरमन.

"परवा खारी खात होतो."

"जन्मभर तेलात हात घातलेत, आणि आता तेलाचीच भीती?"

"म्हणूनच."

"कोरडा आपल्याला परवडत नाही. आणि उघड्यावर जागा कुठंय?"

"गेटाजवळ. तुमच्या दोन गाड्या असतात तिथे."

कुणीतरी खोकलं.

"तुमच्या पत्रावाचून आमचं काही अडत नाही," चेअरमन म्हणाले.

"मग खारी कशाला चारलीत?"

माझा विरोध सभेच्या वहीत लिहायला सेक्रेटरी तयार होईनात, म्हणून वही ओढून मीच लिहिला. अक्षर एवढं मोठं काढलं की सहीला जागा उरली नाही. बायकोने पान उलटलं, माझ्याआधी स्वतः सही केली, आणि वही अभ्यासिकेतल्या मुलांच्या आयांकडे सरकवली. ते पानही भरलं.

तेलवाला आता गेटाजवळ जाळीच्या कुंपणात उभा आहे. चेअरमनच्या गाड्या झाडाखाली, कावळ्यांच्या ताब्यात. ते माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. उद्या पुन्हा त्या खोलीचा विषय काढलाच, तर मी पुन्हा तेच लिहीन. फक्त खारी घरून खाऊन जाईन.