पुढे बसणारा

एकट्याच्या होडीत चार वेळा देशाचा विजेता ठरलेला तो माणूस घरात मात्र शेवटपर्यंत धाकटाच होता. त्याआधीची पाच विजेतेपदं जोडीच्या होडीतली. पुढे तो, मागे दादा.

त्या अरुंद होडीत दोघंही एका गुडघ्यावर बसतात. धाकटा डावीकडून वल्हं मारी, दादा उजवीकडून. पुढच्यानं लय धरायची, मागच्यानं होडी सरळ ठेवायची. पुढच्याला मागचा दिसत नाही. मागच्याच्या डोळ्यांसमोर मात्र सतत एक उघडी पाठ असते, आणि लय जराशी ढळली की दादा वल्ह्याचा दांडा त्या पाठीत घालायचा. बाबा कत्तलखान्यात कामाला. त्यांना यात काही वावगं वाटत नसे. "थोरला आहे तो. परक्यानं मारण्यापेक्षा बरं," म्हणायचे.

जोडीच्या सहाव्या वर्षी दांडा मानेवर बसला. डाव्या हाताची बोटं दोन दिवस बधिर होती. तिसऱ्या दिवशी तो कोचकडे गेला.

"यंदा मी एकटा उतरणार. दादाच्या पुढे पुन्हा बसणार नाही."

"तुला होडी सरळ ठेवता येते का रे?"

"त्यात काय आहे?"

"त्यातच सगळं आहे, शहाण्या."

पहिल्याच शर्यतीत ते कळलं. त्यानं डावीकडून जीव तोडून वल्हं मारलं आणि तेवढ्याच जोरानं होडीचं नाक उजवीकडे वळलं. ते सावरणं आजवर दादाचं काम होतं. त्याच्या मनगटाला ते ठाऊकच नव्हतं. तो शेजारच्या पट्ट्यात घुसला. शेजाऱ्यानं वल्हं फिरवलं ते थेट तोंडावर. समोरचे दोन दात गेले, आणि बाद झाला तोही धाकटाच. काठावर दादा पोट धरून हसत होता. "अरे, याला रस्त्यानं सरळ चालता तरी येतं का बघा!"

मग कोचनं पाण्यात खांब रोवून दोन्ही बाजूंना कोपराच्या उंचीवर तार ताणली. प्रत्येक फटक्याच्या शेवटी मनगट मुरडून पातं बाहेर ढकलायचं. विसरलं की होडी वळायची आणि तार दंडात. थंडीभर तो असे दंड चिरून घेत राहिला. मनगट सुजून टम्म व्हायचं. पट्टी काढताना कातडी निघून यायची. तो शिव्या द्यायचा, पाण्याला, तारेला, स्वतःच्या हाताला. उन्हाळ्यापर्यंत होडी रेघेसारखी जाऊ लागली.

देशाच्या स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत दादाही एकटाच उतरला होता, अगदी शेजारच्या पट्ट्यात. शेवटच्या पन्नास मीटरला धाकटा अर्धी होडी पुढे होता. तो पुढेच राहिला. रेषा ओलांडून तो वल्ह्यावर वाकला, तोच दादाची होडी त्याच्या होडीच्या कुशीत घुसली. दोघेही पाण्यात. मानेवर पंजा आवळला गेला. डोकं खाली, आणखी खाली. हिरवं पाणी नाकात शिरलं. तोंडाशी अंगठा आला तो त्यानं हाडापर्यंत चावला. पंचांच्या बोटीनं लांब काठीची आकडी घालून त्यांना सोडवलं.

पंचांच्या खोलीत लादीवर पाणी आणि रक्त ठिबकत होतं. दोन ओळींचा एक फॉर्म त्याच्यापुढे सरकला.

"मारहाण झाली असेल तर लिहून द्या. त्याला कायमचं बाहेर काढू. नाहीतर होड्या धडकल्या, एवढंच धरू."

"घरचं आहे साहेब, घरी मिटवू," दारातून बाबा म्हणाले. मग त्याच्याकडे वळून, आवाज उतरवून, "सही केलीस तर दादाची होडी गेली. त्याला दुसरं काय येतं रे?"

"मला तरी दुसरं काय येतं, बाबा?"

"मग घरी येऊ नकोस."

त्यानं पेन उचललं. आजची तारीख घातली, मान धरून बुडवलं ते लिहिलं. त्याखाली मानेवर बसलेला दांडा. त्याखाली त्याआधीच्या वर्षीची तारीख, मग तिच्याही आधीची. अक्षरं एकमेकांवर चढू लागली, समास भरला. दारात आता कुणी नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "आणखी एक कागद द्या."