माईचं माळवद

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. अक्षर वाकडं आहे, चुका होतील, सांभाळून घ्यावं.

काल नातीबरोबर लातूरच्या जुन्या गल्ल्यांतली घरं बघत हिंडले. एका माळवदावर पांढरी माती टाकून पाणी शिंपडत होते. त्या वासानं पाय तिथंच थांबले.

आमचंही असंच मातीच्या छताचं घर होतं. दुष्काळात शेजाऱ्यांनी आपापल्या घराची सागवानी लाकडं विकून धान्य आणलं, पण माईनं, माझ्या आईनं, छताची एकही तुळई काढू दिली नाही. पुढं लातूर जिल्हा झाला आणि ते घर रस्त्यात गेलं. पाडायच्या आदल्या दिवशी माई, दर उन्हाळ्यात छत गळू नये म्हणून चढायची तशी, पांढऱ्या मातीची पाटी घेऊन शिडी चढली.

बाबा खालून ओरडले, "अगं, उद्या पाडायलेत! येडी झालीस का?"

माती थापतच माई म्हणाली, "मेल्या माणसाला बी न्हाऊ घालतेत की. ह्याला तसंच धाडू व्हय?"

मग बाबाही पाण्याची बादली घेऊन वर चढले. मला तो पोरखेळ वाटला. मी खाली उभी राहून हसले.

दुसऱ्या दिवशी माळवद कोसळलं, तेव्हा धूळ उडाली नाही. माती अजून ओली होती.