पुसून गेलेला नंबर

कामठ्याच्या काकाजींचा अँप्लिफायर माझ्या टेबलावर आला तेव्हा त्याच्यावर बोटभर धूळ होती. काकाजी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. घरच्या ट्रान्समीटरवरून लांबलांबच्या माणसांशी बोलणारे. हा अँप्लिफायर त्यांनी तरुणपणी स्वतः बांधलेला. त्यातला ट्रान्सफॉर्मर मधल्या कुण्या मेकॅनिकने काढून हरवला. तो नवीन बांधून द्यायचा, एवढंच माझं काम.

मी मूळचा जतकडचा. आठवीत शाळा सुटली, इथल्या राईस मिलच्या मोटारींचं वाइंडिंग बांधायला आलो आणि गोंदियातच राहिलो. शिक्षण कमी म्हणून असेल, माझं काम कुणाला गबाळं वाटू नये अशी धास्ती कायम असते. वस्तू हातात आली की मी आधी ती पुसतो. ह्यातले दोन व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा बल्बसारख्या काचेच्या नळ्या, तेही स्पिरिटने लख्ख पुसले. फडक्यावर पांढरट डाग आला तेव्हा कळलं, धुळीबरोबर काचेवरचा नंबरही गेला.

ह्या व्हॉल्व्हच्या दोन जाती असतात. दिसायला अगदी सारख्या, नंबरावरूनच ओळखू येणाऱ्या, पण एकीच्या फिलामेंटला सहा व्होल्ट लागतात, दुसरीला बारा; ट्रान्सफॉर्मर त्या हिशेबाने बांधायचा. सहाच्याला बारा दिले की तो जळाला. आणि आता असे मिळतात कुठे? पुसट आकडा तोंडाच्या वाफेत उमटतो म्हणतात. मी वाफ सोडसोडून दमलो. काही उमटलं नाही.

दोन दिवस जेवण गेलं नाही. अंदाजाने ट्रान्सफॉर्मर बांधून द्यावा, जळलेच तर जुनेच होते म्हणावं, असंही मनात येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी काकाजी आले आणि मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी वाकून दोन्ही काचा तपासल्या.

"काऊन पुसला रे बाबू?"

"धूळ होती, काकाजी."

"वरणाचं भांडं होय का ते, घासून ठेवाले?"

त्यांना तरी नंबर आठवत असेल, ह्या आशेवर मी होतो. तर म्हणाले, भंगारातून आणले होते, वहीत लिहिलं होतं, ती वही वाळवीने खाल्ली. मग स्टूल ओढून बसले.

"तुह्याकडे तो कमी-जास्त कराचा सप्लाय हाये ना? लाव. मी पाहून राहिलो."

एक व्हॉल्व्ह बाहेर काढून तारा जोडल्या. एक व्होल्ट. दोन. मी घाईने फिरवू नये म्हणून त्यांनी माझं मनगट खालून धरलं. चारला आत मंद लाली दिसली. सहाला ती नारिंगी झाली आणि करंटचा काटा सव्वा अँपिअरवर थांबला. बाराचा असता तर त्याने ह्याच्या निम्माही करंट घेतला नसता.

"सहाचाच हाये," काकाजी म्हणाले. "आता दुसरा. जोडीचा हाये म्हणून धरून चालू नको."

दुसराही तसाच निघाला.

आता हे सगळं उचलून दुसरीकडे नेतील, असं मला वाटलं. त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. सहाच्या जातीचा नंबर कागदावर लिहून व्हॉल्व्हच्या बुडाशी चिकटवायचा होता, आणि तो मीच लिहायचा होता. माझं अक्षर शाळा सुटली तिथंच थांबलेलं. दोन चिठ्ठ्या फाडल्या, पुढच्या दोन चिकटवल्या.

त्याच आठवड्यात ट्रान्सफॉर्मर बांधून दिला. बाकी कशालाही फडकं लावलं नाही. कोपऱ्यातली धूळ होती तशी कामठ्याला परत गेली.